पाच गुणांचा प्रश्न

रात्रशाळेत वीज गेली की मी इतिहास घ्यायचो.
गणिताला फळा लागतो,
इतिहासाला अंधारही चालतो.

त्या रात्रीचा प्रश्न:
राज्यविस्ताराची कारणे व परिणाम लिहा. गुण पाच.
सांगत गेलो. काळी जमीन, व्यापाराच्या वाटा,
रिता खजिना, धाकट्या भावांची बंडं,
आणि एकदा पगारी फौज पोसली
की तिला घरी बसवणं परवडत नाही.
दुसऱ्या बाकावर इरम्मा गड्डम,
वय एक्केचाळीस,
बोटांना तंबाखूचा वास, वहीवर त्याचे डाग.

लांबचं कशाला, म्हटलं, आपला भुईकोट घ्या.
संध्याकाळी पोरं घसरगुंडीसाठी रडतात, तोच.
एका सुलतानानं दुसऱ्याला बहीण दिली,
सोबत हा किल्ला कबूल केला
आणि लग्न लागल्यावर शब्द फिरवला.
चाळीस वर्षं, मंडळी.
नगरहून फौज, विजापूरहून फौज,
सीनाकाठची ज्वारी हुरड्यातच
घोड्यांच्या तोंडी.
मग पुढच्या पिढीतली मुलगी, उलट्या दिशेनं,
आणि पुन्हा हाच किल्ला आंदण.

वर्ग हसला.
हुंडा या शब्दाला हसणारे आणि न हसणारे
आमच्यात वेगवेगळ्या बाकांवर बसतात.

इरम्मानं हात वर केला नाही, ती करत नाही कधी.
"सर, ती पहिली. किल्ला दिला नाही म्हणल्यावर
तिकडं तिला कसं वागवले असतील ओ?"

मी पान उलटलं, अंधारात, उगाच.
हत्ती किती, तोफा किती,
कुठल्या बुरुजाला खिंडार, सगळं होतं.
म्हटलं, ते परीक्षेला येत नाही.

सहामाहीला तिनं उत्तर लिहिलं ते असं.
शुद्धलेखन माझं, बाकी तिचं.

"कारण. ठेकेदार पान कमी देतो
आणि बिड्या हजारच मागतो.
मग आम्ही पदरचं पान आणून हजार भरतो.
राजालापण पान कमी पडत असेल.
त्यानं पदरचं आणलं नाही.

परिणाम. पानावर पत्रा ठेवून कात्री फिरवली
की पत्र्याएवढं राहतं, बाकीचं मांडीवर पडतं.
मांडीवर पडलेल्यांना गाव नसतं.
माझे आजोबा वेठीला कंटाळून तेलंगणातून चालत आले.
इथं गिरणीत लागले. गिरणीत खाकी कापड निघायचं,
कुठल्यातरी समुद्रापलीकडच्या लढाईला.
ते म्हणायचे, एका राज्यातून पळालो
आणि दुसऱ्या राज्याचे सदरे विणले.
मापं मोठी होती, म्हणायचे,
पण माणसं आमच्याच वयाची असणार.

पहिल्या नवरीबद्दल पुस्तकात माहिती नाही.
पण रोज जेवताना कुणीतरी
किल्ल्याचं बोलत असणार."

नमुना उत्तराशी जुळवून पाहिलं. सनावळी नाही,
तह नाही, एकाही राजाचं नाव नाही.
नियमावर बोट ठेवून दोन दिले.

रविवारी तिकीट काढून किल्ल्यात गेलो.
इतकी वर्षं शिकवतोय, आत शेवटचा गेलो होतो
मुलीला घसरगुंडीवर बसवायला.
तटात एक कोरीव शिळा उलटी बसवलेली,
कुठल्या देवळाची कोण जाणे,
घाईत हाताला लागली तशी लावलेली.
एक बाई, पाय आभाळाकडे,
कमरेवरचा हात अजून कमरेवर.
तोंड बघावं म्हणून मान वाकडी करत
गुडघ्यांवर बसलो.
चेहऱ्यावर चुना होता.
मागून पहारेकरी म्हणाला,
"काय सांडलं का ओ काका?"

सोमवारी दोनाचे पाच करायला गेलो.
गुणपत्रकं शनिवारीच गेली होती.